बाथरूममध्ये कोण येतंय बघायला?

नाही, पण मला एक सांगा, स्वतःच्या घरात, स्वतःच्या बाथरूममध्ये जायचं म्हणून कोणी परवानगी मागतं का? मी मागते. रोज मागते. शाळेतून येते, दप्तर टाकते, बोटांना शाई, पायांना माती, आणि तशीच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहते. "आई, किल्ली." आई मान वर न करता, कांदा चिरता चिरता, "कशाला?" आता तुम्हीच सांगा, बाथरूमची किल्ली माणूस कशाला मागतं? त्याची काय कारणं असतात? आणि ती अशी दारात उभं राहून मोठ्याने म्हणून दाखवायची असतात का? मी आपली म्हणते, "हात धुवायला." "मग मागच्यात धू की." संपला विषय. कांदा पुढे सुरू.

मागच्यात म्हणजे मागच्या बाथरूममध्ये. असं एक बाथरूम आमच्याकडे आहे हे आम्ही चारचौघांत सांगत नाही. धुण्याच्या मशीनच्या पलीकडे, जिन्याखाली. आत शिडी आहे, रंगाचे वाळलेले डबे आहेत, बाबांच्या जुन्या सायकलचं फक्त पुढचं चाक आहे, ते का आहे हे बाबांनाही आठवत नाही, आणि या सगळ्यांतून जी जागा उरेल तिच्यात उभं राहून आंघोळ करायची. दाराची कडी खाचेत बसत नाही. म्हणून एक पाय दाराला रेटून ठेवायचा आणि बाकीच्या शरीराने आंघोळ उरकायची. आई, बाबा, दादा आणि मी, आम्ही चौघंही तिथेच. सकाळी बाहेर रांग. दादा दारावर थापा मारतो, बाबा खाकरतात, आई म्हणते, "झालं का गं, मशीन लावायचंय", आणि मी आत, एका पायावर, तोंडाला साबण.

आणि पुढचं बाथरूम? पुढचं रिकामं. कोरडं ठणठणीत. तिथे शिंपल्यांचा आरसा आहे, भिंतीवर वेल आहे, निळा मासा आहे, पडदा आहे, आणि ते सगळं मी केलंय, तुम्हाला सांगते, मी, या दोन हातांनी, आणि त्याच्या दाराला बाहेरून कुलूप आहे आणि कुलपाच्या अलीकडे मी आहे.

सुरुवातीपासून सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही मुलगी कुठे बोलत नाही, कोणाकडे बघत नाही, आणि एकदाची बोलायला लागली ती काय, तर बाथरूमबद्दल.

त्याचं असं आहे की आमच्या घरात माझ्या वाटणीला दार आलेलं नाही. आईबाबांची खोली, तिला दार आहे. दादाची खोली, तिलाही दार आहे, कारण दादाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. ते शेवटचं वर्ष कधीचं चाललंय हे विचारायचं नाही. आणि मी बाहेरच्या खोलीत, दिवाणावर. दिवाण म्हणजे दिवसभर सगळ्यांचा आणि सगळे उठून गेले की माझा. तिथेच टीव्ही, तिथेच बाबांच्या बातम्या, तिथेच शेजारच्या काकू येऊन बसतात त्या थेट माझ्या उशीवर. मला रडायचं असेल तर कुठे रडू? वाचायचं असेल तर? नुसतं गप्प बसायचं असेल, तरी समोरून कोणीतरी विचारणारच, "काय गं, गप्प का?" अख्ख्या घरात आतून कडी लागते आणि बाहेरून कोणी का म्हणून विचारत नाही अशी माझ्यासाठी एकच जागा. पुढचं बाथरूम.

आणि तिथे मी बोलायचे. हो. बाहेर माझं तोंड उघडत नाही, दादा तर मला 'म्यूट' म्हणूनच हाक मारतो, "ए म्यूट, रिमोट दे", वर्गात उत्तर येत असतं, अगदी जिभेवर असतं, पण हात वर जात नाही. बाथरूममध्ये मात्र सगळं सुरळीत. बाईंनी सकाळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी संध्याकाळी द्यायचे, नळ सोडून, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. दादाला काय म्हणायचं ते तिथे म्हणायचे. काकूंना तर कितीदा सुनावलंय, "काकू, ती उशी आहे." आवाज असा छान घुमायचा... वाटायचं, अरे, ही मुलगी बोलते की.

म्हणून सुट्टी लागल्यावर मी आईला विचारलं. फार हळू विचारलं, ती इस्त्री करत होती. "आई, मी पुढचं बाथरूम जरा सजवू?" आई म्हणाली, "सजव की. बाथरूममध्ये कोण येतंय बघायला?"

हे वाक्य लक्षात ठेवा. तिचंच वाक्य आहे. मी त्यावर विश्वास ठेवला, एवढाच माझा गुन्हा.

मग मी दिवाणाखालचा डबा काढला. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, त्यात माझं सगळं. लहानपणी एकदा समुद्रावर गेलो होतो तेव्हाचे शिंपले, तेव्हापासून वर्तमानपत्रात गुंडाळलेले. झोपलेल्या मांजरासारखा दिसणारा एक दगड. कपड्यांची बटणं. आणि एका निळ्या कपाचे तुकडे. तो कप माझ्या मैत्रिणीने गाव सोडून जाताना दिला होता, दादाने फोडला, आणि तुकडे सोफ्यामागे लपवून वर मलाच विचारत होता, "तुझा कप दिसत नाही गं हल्ली." तेही मी जपून ठेवले होते. फुटलेला कप कोण जपून ठेवतं? मी.

आता बेसिनच्या वरच्या टाइलला एक तडा गेलेला आहे, पार छतापर्यंत. बाबा म्हणायचे, "बघू, बघू, बघतो मी", आणि बघायचे, बघून बाहेर यायचे. मी त्या तड्याचा वेल केला. खिडक्यांना दिलेला हिरवा रंग उरला होता, त्याने. तडा जिथे वळला तिथे वेल वळला, जिथे फाटा फुटला तिथे पान काढलं, आणि एका पानाखाली दाणा घेऊन जाणारी मुंगी काढली, कारण मुंग्या तिथे तशाही येतातच. दोन दिवसांनी खरी मुंगी माझ्या मुंगीपाशी येऊन थांबली, तुम्हाला खोटं वाटेल, पण थांबली, विचार केला आणि वळसा घालून गेली. माझ्या चित्राला मिळालेली ती पहिली दाद. माझ्या नावावर लागलेली शेवटचीही तीच म्हणा.

निळ्या कपाचा मी मासा केला, भिंतीत बसवलेला. त्यासाठी पांढरं सिमेंट हवं होतं. पलीकडे घर बांधत होते तिथल्या गवंड्यांकडे मी स्वतः गेले. मी! अनोळखी माणसाकडे. आदल्या दिवशी बाथरूममध्ये तालीम करून गेले होते, "काका, मूठभर पांढरं सिमेंट देता का", आणि तिथे पोचल्यावर फक्त "सिमेंट" एवढंच बाहेर आलं. पण दिलं त्यांनी, कागदाच्या पुडीत. म्हणाले, "पाणी बेताचं घाल पोरी, नाहीतर मासा पोहत जाईल." मी इतकं बेताचं घातलं की आता घर पडलं तरी मासा राहील. शिंपलेही तसेच. दादाच्या कपाटातून बूट चिकटवायचा गोंद घेतला आणि आरशाभोवती एकेक शिंपला दाबून धरून बसले, पुस्तक वाचत, एका हातात पुस्तक आणि एका हाताखाली शिंपला.

पडदा माझ्या लहानपणच्या फ्रॉकांचा. हाताने शिवला, तुकड्याला तुकडा जोडून. पिवळ्या फ्रॉकचा खिसा तसाच ठेवला, त्यात कंगवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मी बसायचे पालथ्या बादलीवर. म्हणून सगळं त्या बादलीवरून दिसेल असं लावलं होतं. बादलीवर बसलं की मासा बरोब्बर डोळ्यांसमोर, वेल डावीकडून वर जाताना दिसतो, खिडकीत दगडाचं मांजर, आणि आरशाचे फक्त शिंपले दिसतात, आपण नाही. मुद्दाम. आपलं तोंड दिसलं की माणूस बोलायचं थांबतं.

एक आठवडा, तुम्हाला सांगते, एक आठवडा मी जगातली सगळ्यात सुखी व्यक्ती होते. बाथरूममध्ये कोण येतंय बघायला? कोणी नाही! बाबा आत जायचे, बाहेर यायचे, त्यांना मासा दिसलाच नाही. दादा म्हणाला, "ए म्यूट, माझा गोंद कुठेय?" आणि माशासमोर उभा राहून दात घासत होता. सगळं कसं छान चाललं होतं...

मग आईने पाहिलं. म्हणजे रोजच पाहत होती, पण त्या दिवशी पाहिलं. टॉवेल ठेवायला गेली ती बाहेर येईना. मी दाराशी जाऊन उभी. आई आत टॉवेल छातीशी धरून उभी, आणि म्हणाली, "अगं, हे तर चांगलं दिसतंय."

मी तेव्हाच पळायला हवं होतं. किंवा तेव्हाच हातोडी आणायला हवी होती. कारण आमच्या घरात एखादी वस्तू चांगली आहे असं एकदा ठरलं की ती वस्तू संपली. ती मग वापरायची नसते. सोफ्याला कव्हर आहे, कव्हरला वरून चादर आहे, बेल वाजली की आधी चादर निघते, मग कव्हर निघतं, मग दार उघडतं, पाहुणे तोपर्यंत बाहेर उभे. रिमोट अजून प्लास्टिकमध्ये आहे, आतली बटणं अंदाजाने दाबायची. बाबांना मिळालेलं पेन डबीत आहे, डबी कपाटात आहे, आणि बाबा सही करायला माझं पेन नेतात. दादाला लहानपणी घेतलेले चांगले बूट 'कुठे जायचं असलं की घालू' म्हणून ठेवले होते, जायचं ठरलं तोवर पाय दोन नंबरांनी मोठे झाले होते. काचेच्या कपाटात सहा कप आहेत, त्यातून आजवर कोणी एक घोट प्यायलेलं नाही. हे सगळं मी जन्मापासून बघतेय. माझ्या डोळ्यांदेखत चाललंय. आणि तरी, अशा घरात, मी जाऊन माझी एकुलती एक जागा चांगली केली. याला काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या, माझ्या उशीवर बसल्या, आणि आई म्हणाली, "या, तुम्हाला एक गंमत दाखवते." मी दिवाणाच्या कोपऱ्यात. मला वाटलं नवीन कुकर दाखवणार असेल. दोघी गेल्या त्या बाथरूममध्ये. आतून काकूंचा आवाज, "अय्या, हे काय हो, अगदी हॉटेलसारखं. तुम्ही केलंत?" आणि आई, माझी आई, आवाजात साखर घोळून, "हो, सुट्टीत आम्ही आपलं सहज केलं." आम्ही. आम्ही कोण? मी आणि कोण? मी आणि मुंगी?

मी बाहेर तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं, पण काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "काय गं, गप्प का?" मग मिटलं.

त्यानंतर रीघ लागली. काकूंच्या बहिणी आल्या. वरच्या मजल्यावरच्या आजी काठी टेकत आल्या आणि आत जाऊन म्हणाल्या, "बरंय, पण नळ कुठेय?" बाबांचे मित्र आले. बाथरूममध्ये कोण येतंय बघायला? अहो, कोण नाही येत? ज्यांना आमच्या घरी चहाला बोलावलं तर वेळ नसतो ते सगळे बाथरूम बघायला येतात. आणि पाहुणे येतात म्हटल्यावर आईने त्यात थोड्या सुधारणा केल्या. बादली काढली. "बादली काय दिसते का चांगली तिथे?" तिच्या जागी प्लास्टिकची फुलं. दगडाचं मांजर काढलं, "दगड कशाला ठेवलास खिडकीत, कोणाच्या पायावर पडला म्हणजे?" आणि तिथे काचेच्या कपाटातला चिनी मातीचा हंस आणून बसवला. पडद्यावर पारदर्शक प्लास्टिक घातलं, म्हणजे पडदा पाण्यापासून वाचेल. पाण्यापासून वाचवायचा तो बाथरूमचा पडदा! खिशातला कंगवा काढून खिशात एक गुलाबी कागदी रुमाल खोचला. साबण ठेवला, कागदासकट. टॉवेल ठेवला, लेबलासकट. आणि मला म्हणाली, "बघ, आता कसं उठून दिसतंय."

तरीही तेव्हा कुलूप नव्हतं. मी जमेल तेव्हा जायचे, कोपऱ्यात उकिडवी बसायचे, मासा जरा वाकडा दिसायचा पण दिसायचा. कुलूप लागलं ते दादामुळे. त्याने एका सकाळी घाईत तिथे दाढी केली आणि शिंपल्यांवर फेस उडवला. आईने तो फेस पाहिला मात्र... एरवी दादाने घर जाळलं तरी आई म्हणेल, अभ्यासाचा ताण आहे त्याला. पण शिंपल्यावर फेस! बाबांना बोलावलं, बाबा म्हणाले "बघू, बघू", आणि आयुष्यात पहिल्यांदा बघून थांबले नाहीत. त्याच दिवशी बाहेरून कडी ठोकली. कुलूप घातलं. ज्या माणसाने तो तडा वर्षानुवर्षं नुसता पाहिला, त्याला कुलूप लावायला एक दुपार पुरली.

मध्यंतरी नळ गळायला लागला तर प्लंबर आले. आईने त्यांना दाराशीच थांबवलं, पाय पुसायला लावले, हत्यारांची पिशवी बाहेर ठेवायला लावली, शिंपल्यांकडे पाठ करू नका म्हणाली, हंसाजवळ हात नेऊ नका म्हणाली. ते बिचारे पाना हातात धरून म्हणाले, "ताई, नळ दुरुस्त करू की नुसता नमस्कार करून जाऊ?" आई म्हणाली, "नळ बंदच करून टाका. तसंही कोण वापरतंय."

कोण वापरतंय, विचारते! मी मागे शिडीला टेकून हे ऐकत होते. एका पायावर.

पण हे काहीच नाही. खरं सांगायचंय ते पुढेच आहे. बाबांच्या ऑफिसातले साहेब आले, त्यांच्या बाई आल्या. चादर निघाली, कव्हर निघालं, दार उघडलं. मी ट्रे घेऊन दाराआड. अजून चहाचा घोटही झाला नव्हता, आणि बाबा उठले, "साहेब, आमचं बाथरूम बघा ना." साहेबांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. म्हणजे कोणी असं बोलावलं तर माणसाने जावं की जाऊ नये, याचा काही नियम नाही ना. पण गेले. आईने किल्ली काढली, कुलूप उघडलं, दिवा लावला. सगळे आत. मी ट्रेसकट उंबऱ्यात.

बाई खूप चांगल्या होत्या. त्यांनी माशावर हात फिरवला. मुंगी त्यांना दिसली! आजवर एकालाही दिसली नव्हती. वाकून म्हणाल्या, "अरे, इथे मुंगीपण आहे, दाणा नेतेय. किती बारकाईने केलंय. कोणी केलं हे?"

आणि तिघंही एकदम बोलले. बाबा म्हणाले, "घरच्या घरीच." दादा म्हणाला, "कन्सेप्ट माझा." कन्सेप्ट! त्याचा फक्त गोंद होता, तोही मी चोरलेला. आणि आई म्हणाली, "आम्हीच आपलं, वेळ मिळेल तसं."

मग बाई माझ्याकडे वळल्या. सरळ माझ्याकडे. "आणि तू गं? तू काही केलंस की नाही यातलं?"

बघा, ही वेळ होती. इतक्या लोकांत पहिल्यांदा कोणीतरी मलाच विचारलं होतं आणि उत्तर मला येत होतं. एका शब्दाचं उत्तर. मी श्वास घेतला, तोंड उघडलं... आणि आई हसून म्हणाली, "ती? अहो, तिला आत सोडलं की तास तास बाहेर येत नाही. म्हणून तर कुलूप घालावं लागतं."

सगळे हसले. बाबा हसले, दादा हसला, साहेब हसले, बाईसुद्धा थोड्या हसल्या. आणि तुम्हाला सांगते, मीपण हसले. का हसले? आपल्यावर हसत असतील तर आपण काय करायचं असतं, हातात ट्रे असताना?

त्याच दिवशी आणखी एक झालं. निघताना साहेब बाबांच्या कानाशी लागले. बाबा आईच्या कानाशी लागले. आईचा चेहरा पडला. "वापरायचंय?" ती कुजबुजली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "म्हणजे... खरंच वापरायचंय?" आणि साहेबांना मागच्यात पाठवलं! सुटाबुटातल्या माणसाला. कडीचं सांगायला बाबा विसरले. थोड्या वेळाने आतून शिडी पडल्याचा आवाज आला, मग सायकलचं चाक घरंगळल्याचा, आणि मग बराच वेळ काहीच नाही. साहेब बाहेर आले ते कोणाकडेही न बघता थेट गाडीत जाऊन बसले. म्हणजे माझं बाथरूम माझं नाही ते नाहीच, पाहुण्यांचंही नाही. मग आहे कोणाचं? हंसाचं?

मी आईशी बोलायचं ठरवलं. नीट, मुद्देसूद. पण मला बोलायचं असेल तर आधी तालीम लागते, आणि तालमीची जागाच कुलपात. मागच्यात करून पाहिली, तर बाहेरून दादा, "ए म्यूट, कोणाशी बोलतेस?" मग तशीच गेले, कच्ची. म्हटलं, "आई, ते बाथरूम माझं..." आई म्हणाली, "तुझं? घर काय वाटून घेतलंय का आपण?" मी म्हटलं, "मी केलंय ते." आई म्हणाली, "मग मी काय म्हणते, छानच केलंयस. म्हणून तर एवढं जपते." ज्याने तुम्हाला लुटलं तोच म्हणतोय, वस्तू फार छान होती.

हां, रविवारी मात्र मला आत सोडतात. पुसायला. "तुलाच जमतं बाई ते शिंपल्यांच्या मधलं." दार उघडं ठेवून. मी कडीकडे हात नेला तर आई म्हणते, "पुसायला कडी कशाला?" एका रविवारी मी ठरवलं, नाही तर नाही, माझे शिंपले मी काढून घेते. चमचा लपवून नेला होता. पहिल्या शिंपल्याखाली घातला, जोर लावला, चमचा वाकला. माशाला हात लावला, मासा ढिम्म. इतकं घट्ट कोणी चिकटवलं होतं? मीच. माझ्या वस्तू भिंतीच्या झाल्या होत्या आणि भिंत आईची. वाकलेला चमचा मी सरळ करून जागेवर ठेवला, अजून तो जरा वाकडाच आहे, बाबा त्याने आमटी घेतात तेव्हा ती थोडी सांडते.

आणि मग आजचं. आज शाळा लवकर सुटली. घरी आले, घरात कोणी नाही. स्वयंपाकघरात अर्धा चिरलेला कांदा. "आई, किल्ली" म्हणायला तोंड उघडलं, तर आईच नाही. आणि पुढच्या बाथरूमच्या दाराला कुलूप... कुलूप होतं, पण उघडं, कडीत नुसतं लटकत होतं. मी दार हळूच ढकललं. आतून कडी.

आतून कडी, आणि नळाचा आवाज. तोच, जो बंद करायला सांगितला होता. आणि नळाच्या आवाजाखाली आणखी एक आवाज.

आई बोलत होती. एकटीच. "नाही, आज मला जमणार नाही. चहा तुम्ही करा." मग थोडं थांबून, जरा नरम, "अहो, आज चहा तुम्ही कराल का?" मग पुन्हा, एकदम कडक, "चहा. तुम्ही. करा." मग काकूंची पाळी, "काकू, रोज रोज येऊन बसता, मला कामं असतात." हे तिला फार आवडलं असावं, ते तिने परत म्हटलं. आवाज छान घुमत होता. मला माहीत आहे तो तिथे कसा घुमतो. मग दादाला, "स्वतःचे मोजे स्वतः शोध." आई, जी दादाचे मोजे शोधताना पलंगाखाली जाते...

आईबाबांच्या खोलीला दार आहे ना, असं मी मघाशी तुम्हाला म्हटलं. आहे. पण ते दार आई कधी लावताना मी पाहिलेली नाही. माझ्या हे आधी लक्षातच आलं नव्हतं. तरी मी थांबले बाहेर. म्हटलं, सगळ्यांचं निघतंय तर माझंही काहीतरी निघेल. साहेबांच्या बाईंना द्यायचं राहिलेलं उत्तर, एखादं. कान दाराला लावून उभी राहिले. नाही निघालं. मोज्यांवरून ती इस्त्रीवर गेली, इस्त्रीवरून बाबांच्या बहिणीवर, आणि मग गप्पच बसली. नळ चालू, ती गप्प. तेही मला माहीत आहे. बोलून झालं की जरा वेळ मासा बघायचा असतो.

आता भांडू तरी कोणाशी, सांगा? दार वाजवायचं म्हणजे आत बसलेल्या बाईला विचारायचं, कोणाशी बोलतेस. आणि ते विचारल्यावर माणसाचं काय होतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

तेवढ्यात दादा आला. घाईत. मागच्यात शिडी नेहमीसारखी दारात आडवी पडलेली, म्हणून धावत इकडे, आणि दारावर थाप मारणार तोच मी मधे उभी राहिले. "सरक ना. कुलूप उघडं आहे. आत कोण आहे?"

मी म्हटलं, "पाहुणे."

"कोण पाहुणे?"

"आहेत," म्हटलं, "लांबच्या नात्यातले. तू मागच्यात जा."